जगदेवचं डाळिंब

इंझोरीच्या जगदेवला तोंड होतं, पण ते भाकरीपुरतं. बायको काहीही बोलली की तो "हं" म्हणायचा. भाजी झकास झाली तरी हं, करपली तरी हं. एकदा गोजरा वैतागून म्हणाली, "मी माहेरीच निंगून जाऊ काय?" जगदेव बैलाच्या गळ्यात घाटी बांधत होता. म्हणाला, "हं."

गोजरा गेली. नागपंचमीला गेली ती दिवाळी उलटली तरी केनवडहून परतली नाही. निरोप मात्र आला : "माणूस बोलला तं येईन. हं संगं संसार नाई करत मी."

जगदेव एकदा आणायला गेलाही होता. सासरे जानराव म्हणाले, "कसं काय जवाई, बरं हाय ना?" "हं." गुळाचा चहा पिऊन तो रिकामी दमणी हाकत माघारी आला.

दुसऱ्या खेपेला तो मालेगावात मुक्कामाला थांबला. बाजाराच्या पटांगणात तंबूतला सिनेमा आला होता. बाहेरच्या पाटीवर देवाचं चित्र होतं, पण आत फिल्मच्या डब्यातून निघालं भलतंच. पडद्यावर एक गोरा सायब, एक मडम, आणि दोघांचं कडाक्याचं भांडण.

"देव कवा येते?" शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"भांडण मिटलं का येईन," मागून कुणीतरी म्हणालं.

पण भांडण मिटेना. मडम ताटल्या फेकत होती. सायब टोपी सावरत कारंज्यात पडत होता, मोटारीत एक बदक शिरलं होतं आणि तेही मधूनमधून आपलं मत देत होतं. एवढ्या गोंधळातही सायबाचं तोंड थांबत नव्हतं. आपल्याच बायकोशी माणूस इतकं बोलू शकतो, हे जगदेवनं पहिल्यांदा पाहिलं. आणि दर वाक्याला तो जे म्हणायचा, ते जगदेवच्या कानांना ऐकू यायचं, "डाळिंब!"

"काय मांगून राह्यला थो?" म्हातारा.

"मांगत नाई, बाबा. देतो म्हणते," जगदेव म्हणाला. "पण आणत नाई. म्हणून थे चिडली."

शेवटी सायबानं अगदी हळू आवाजात "डाळिंब" म्हटलं. मडमीनं त्याच्या खांद्यावर मान टाकली. काढून दिलं असेल खिशातून, जगदेव समजला. देव आला नाही म्हणून लोक कनातीवर ढेकळं मारत होते, आणि जगदेव उपरण्यानं डोळे पुसत होता.

सकाळी बाजारात त्यानं चांगलं टपोरं डाळिंब घेतलं आणि दमणी केनवडच्या वाटेला लावली. धुक्यात दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. जिकडं पाहावं तिकडं पडदाच पडदा. त्या पांढऱ्यावरून मडम झुळझुळ चालत होती, आणि वळून पाहिलं की तिचा चेहरा गोजराचा होत होता. "डाळिंब," जगदेव हळूच म्हणाला. बैलानं कान टवकारला. जगदेव लाजला, पण पुन्हा म्हणाला.

गोजरा अंगणात सुपात उडीद पाखडत होती. हातात डाळिंब घेऊन हा समोर जाऊन उभा.

"डाळिंब."

"काय?"

"डाळिंब!"

"दुकान टाकलं काय तुमी?"

झालं, जगदेवचा बांध फुटला. सायब, मडम, ताटल्या, बदक, सारं तो उभ्या उभ्या सांगत सुटला. कारंजं दाखवायला अंगणात बसकण मारली, बदक झाला, पंख फडफडवले. जानरावांच्या हातातला चहा निवला. गोजराचं सूप केव्हाच थांबलं होतं. ती पदर तोंडात कोंबून हसत होती.

हसू आवरून तिनं विचारलं, "मंग थे मडम नवऱ्याच्या घरी गेली काय?"

जगदेवच्या ओठांवर हं आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"गेली. पण त्यानं चाल म्हटलं तवा."

"मंग?"

"मंग... चाल."

गोजरानं सूप आईच्या हाती दिलं आणि गाठोडं बांधायला आत गेली. ते बांधलेलंच होतं, हे जानरावांना ठाऊक होतं.

मालेगाव जवळ आलं तेव्हा गोजरानं डाळिंब फोडून दाण्यांची ओंजळ पुढं केली. "आंबट हाय काय?"

"हं..." म्हणता म्हणता जगदेव दचकला आणि एवढ्या मोठ्यानं "आंबट हाय!" ओरडला की बैल उधळले.