आबांची म्हैस

माझे आजोबा, आबा, सकाळी गेले. त्यांना सोप्यात ठेवलं होतं, आत्या गारगोटीहून निघाली होती आणि गोठ्यात म्हैस अडली होती. रेडकाचा एकच पाय बाहेर दिसत होता. डॉक्टरांचा फोन लागेना. आबांशिवाय ती कुणाला जवळ येऊ देत नसे. वडील पुढं झाले तशी तिनं लाथ झाडली.

"आता दोन्ही जीव जात्यात," वडील म्हणाले.

आईनं आबांचं घोंगडं अंगावर घेतलं. "थांब गं बाई, मीच हाय." म्हशीनं वास घेतला आणि गप्प उभी राहिली. आईनं आत हात घालून मुडपलेला पाय सोडवला, मी ओढलं. रेडकू खाली पडलं, पण निपचित. आईनं त्याचं नाक पुसलं, छाती चोळली. शेवटी ते शिंकलं.

तेवढ्यात दारातून आत्याचा हंबरडा आला.

"तिला सांग, आलोच," वडील म्हणाले. "आधी ह्याला चीक पाजतो."