क्रँक निकाली काढण्यात यावा

लातूरच्या तहसील कचेरीसमोर माझे टेबल आहे. गेली सव्वीस वर्षे मी तेथे बसून लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि मी लिहिलेला अर्ज भाषेच्या कारणावरून परत आला, असे एकदाही घडलेले नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते. तोंडी बोलण्याला मी कधी किंमत दिली नाही. बोललेले कोणीही नाकारू शकतो. लिहिलेल्यावर शिक्का बसतो.

माझे वडील मुरुडला आमच्या जुन्या घरी थोरल्या भावाकडे असतात. जनावरांच्या दवाखान्यात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. नोकरीत असताना शिरूर अनंतपाळकडची सारी खेडी त्यांनी एका टू-स्ट्रोक मोटारसायकलवर पालथी घातली. गाडी त्यांनी जुनीच विकत घेतली होती, तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. निवृत्तीनंतर ती त्यांनी माझ्या हवाली केली.

तीन वर्षांपासून वडिलांची ओळख जात चालली आहे. आधी शेजारी गेले, मग नातवंडे, मग थोरला भाऊ, जो त्यांना रोज आंघोळ घालतो. मी एस.टी.ने गेलो की ते हात जोडून विचारीत, "पाव्हणं, कुन्या गावचं म्हनायचं?" परंतु तोच मी गाडीवर गेलो, तर गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ते बाजेवर उठून बसत आणि वहिनीला हाक मारीत, "च्या टाका, धाकटा आला." इंजिन बंद केल्यावरही ही ओळख पाच-दहा मिनिटे टिकत असे. जे काही बोलायचे ते मी तेवढ्यात बोलून घेत असे.

गेल्या उन्हाळ्यात मुरुडहून परतताना इंजिन खडखडले आणि मागचे चाक जागीच आवळले. लातूरच्या मेकॅनिकने इंजिन उघडून क्रँक माझ्या हातात दिला. दोन जड लोखंडी चाके, त्यांना जोडणारी एक पिन आणि त्या पिनीवर फिरणारा पिस्टनचा दांडा, अशी त्याची रचना असते. पिनीवरचे बेअरिंग फुटून त्याचा चुरा झाला होता. चाके प्रेसवर सोडवून, नवा दांडा घालून ती पुन्हा सरळ बसवण्याचे काम नांदेडचे एक मिस्त्रीच करतात, असे त्याने सांगितले.

मी स्वतः जायला हवे होते. त्याऐवजी मी पत्र लिहिले. समक्ष बोलण्यापेक्षा पत्राचे वजन अधिक पडेल, अशी माझी धारणा होती. दोन प्रती काढल्या, एक क्रँकसोबत पोत्यात बांधून नांदेडच्या बसने पाठवली आणि पोच मागवून घेतली. पत्राचे शेवटचे वाक्य असे होते: "तरी सदर नादुरुस्त क्रँक आठ दिवसांचे आत निकाली काढण्यात यावा, ही नम्र विनंती."

पंधरा दिवस गेले. त्या काळात मी तीनदा एस.टी.ने मुरुडला गेलो आणि तिन्ही वेळा पाव्हणा होऊन परतलो. तिसऱ्या खेपेस वडिलांनी मला बसायला स्वतःची उशी दिली. त्या उशीवर बसणे मला फार जड गेले. दुसऱ्या दिवशी टेबल बंद ठेवून मी नांदेड गाठले.

दुकानात मिस्त्री आणि त्यांचे साडू होते. मी पोच पुढे केली आणि क्रँक मागितला. मिस्त्री मधले काही दिवस कामासाठी धर्माबादला गेले होते. त्यांनी साडूकडे पाहिले.

"तेव व्हय?" साडू म्हणाले. "तेव निकाली काढला की. भंगारात."

"भंगारात?"

"तुमीच लिवलंय न्हवं का? आठ दिवसाची मुदत दिलती. आमी चौथ्याच दिशी काढला." त्यांच्या आवाजात वेळेआधी काम केल्याचे समाधान होते.

मी उभ्याउभ्याच सांगू लागलो, की निकाली काढणे म्हणजे प्रकरण योग्य रीतीने पूर्ण करणे. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "साहेब, तुमच्या कचेरीत निकाली काढल्यालं कागद परत कधी दिसतंय का?"

मी पोच घडी घालून खिशात ठेवली. भंगारवाल्याकडे गेलो. माल आठवड्यापूर्वीच वितळायला गेला होता. रिकाम्या जागेवर तेलाचा एक डाग होता आणि मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो, जणू त्यावरून काही दाद मागता येणार होती.

मिस्त्री माणूस सज्जन होते. त्याच बनावटीचा एक क्रँक त्यांच्याकडे धर्माबादहून आलेला होता. तो त्यांनी माझ्यासमोर सोडवला, नवी पिन, नवे बेअरिंग, नवा दांडा बसवला, दोन टोकदार आधारांमध्ये टांगून हाताने फिरवला. वाकडेपणा दाखवणाऱ्या डायलचा काटा हलला की ते तांब्याच्या हातोडीने चाकाच्या कडेवर एक ठोका देत. काटा जवळजवळ स्थिर झाला.

"आवाज तोच येईल ना?" मी विचारले.

"कोनता?"

"पूर्वीचा."

"पूर्वीचा मंजी कसा? तुमी लिवनारं मानूस, लिवून द्या."

मी खरोखर कागद घेतला. 'सदर इंजिनाचा ध्वनी' एवढे लिहून थांबलो. पुढचा शब्द मला सापडेना. शेवटी कागद बाजूला ठेवला आणि त्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, तोंडाने आवाज काढून दाखवला. "फट्-फट्-फट्-टक्. फट्-फट्-फट्-टक्."

साडू हसून खाली बसले. मिस्त्री हसले नाहीत. "तेव टक् मंजी क्रँकची खोड. कोनी तरी तिरका बसवलता. हितं आता टक् येनार न्हाई."

"मग हाही तिरका बसवा."

"काय बोलायलात, साहेब?"

मी त्यांना वडिलांची हकिगत सांगितली. होणाऱ्या नुकसानीस मी जबाबदार राहीन असे हमीपत्र लिहून देतो म्हणालो आणि पेन उघडले.

"पेन ठिवा खिशात," मिस्त्री हळू म्हणाले. "तिरका बसवला तर मुरुड यायच्या आधीच पुन्ना फुटंल. मंग कायच ऱ्हानार न्हाई."

इंजिन लातुरात जोडून घेतले आणि भर दुपारी मुरुडला पोहोचलो. गल्लीच्या तोंडाशी मुद्दाम वेग कमी केला. गाडी तक्रारीस जागा न ठेवता चालत होती. मी मनात त्या टक्ची याचना करीत होतो. अंगणात लिंबाखाली वडील बाजेवर पडून होते. ते उठले नाहीत. गाडी अगदी पुढ्यात आली तेव्हा त्यांनी हात जोडले.

"या पाव्हणं. कुन्या गावचं म्हनायचं?"

"मामंजी, धाकटे भावजी आलेत की," वहिनी म्हणाली.

"असंल, बाई. तेन्ला पानी द्या."

मी उभ्या गाडीचा कान पिळत राहिलो. कमी, जास्त, पुन्हा कमी. धुराने अंगण भरले. वडील सभ्यपणे खोकत होते.

"भावजी, बंद करा ते," वहिनी म्हणाली. "मोबाइलात जुना आवाज भरून ठिवायला पायजे होता बघा." मग तिने पदर डोळ्यांना लावला.

मी इंजिन बंद केले. शेजारच्या भिंतीवरून दोघे-तिघे पाहत होते. माझ्या खिशाला दोन पेने होती, अंगावर इस्त्रीचा सदरा होता. मी तोंड उघडले.

"फट्-फट्-फट्-टक्."

वडिलांनी मान वळवली. मी पुन्हा काढला आवाज, आणखी मोठ्याने. ते कोपरावर रेलून उठले आणि मी उभा होतो त्याच्या बरेच खाली, कमरेच्या उंचीवर, कोणाला तरी शोधू लागले.

"आरं धाकट्या, उन्हाचं अनवानी पळू नगं. गाडी-गाडी मागून खेळ. हिकडं ये, पाय बघू."

गाडी घरी आली त्या वर्षी मी याच अंगणात हा आवाज करीत दिवसभर पळत असे. ते मी विसरलो होतो.

मी बूट-मोजे काढले आणि बाजेवर त्यांच्याजवळ बसून पाय वर घेतले. त्यांनी माझ्या भेगाळलेल्या तळव्यावर हात ठेवला आणि भाजले आहे का ते चाचपून पाहू लागले. त्यांचा हात मंदावून थांबायला लागला, की मी पुन्हा हळूच आवाज काढीत होतो.