शपथेचे बूट

अकलोलीच्या आमच्या नदीकाठच्या जागेवर आता गवत माजलंय. तंबू गेले, पायडलच्या दोन बोटी भंगारात गेल्या. तरी डिसेंबर लागला की मी एकदा जाऊन येतेच. माझा दीपेश म्हणतो, "आई, काय ठेवलंय तिथं?" काय सांगू त्याला! बुधाची आठवण येते म्हणून जाते, दुसरं काय.

दोन हजार तीन साली दीपेशनेच ही टूम काढली होती. धामणकर नाक्यावरचं सुताचं दुकान धाकट्या भावावर सोपवलं आणि तानसेच्या काठी दहा तंबू ठोकले. शुक्रवारी लूम बंद, की भिवंडीचे कारखानदार बायकापोरांना घेऊन हजर. पोरं बोटीत, बायका गरम कुंडावर, आणि बाप्ये करंजाखाली घोरत. काय दिवस होते ते! स्वयंपाक माझ्याकडे, तंबू आणि बोटी बुधाकडे.

बुधा डोंगराकडच्या पाड्यावरचा. साठी उलटलेली, अंगाने काटकुळा, जन्मभर अनवाणी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या शेतावर होता. तंबू मात्र वेडेवाकडे लावायचा. एक झाडाशी, एक थेट पाण्याजवळ. मी ओरडायचे, "अरे, रांगेत लाव की मेल्या! वावटळ येऊन गेल्यासारखं दिसतंय." तो नुसता हसायचा. "ऱ्हाऊ दे, बाय." भल्या पहाटे वाळूत फिरून जागोजागी चार-चार दगड रचून ठेवायचा. मला वाटे, असेल त्यांचा काही देवधर्म.

पाहुणे सकाळी उठले की म्हणायचे, "मावशी, एवढ्या थंडीत पाठ कशी छान शेकून निघाली!" गाद्या मी स्वतः उभी राहून भरून घेतलेल्या. त्यामुळे सगळी शाबासकी मीच खिशात घालायचे.

दोन हजार सहाच्या दिवाळीत कुणा मेल्याने फोडलेली बाटली बुधाच्या पायात घुसली. पाय टम्म सुजला, आठ दिवस पडून होता. माझा जीव तुटला. भिवंडीहून जाड तळाचे बूट आणले आणि स्वतः त्याच्या पायात घातले. माझी पाठ फिरली की हा काढून ठेवणार, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून म्हटलं, "माझ्या गळ्याची शपथ आहे, बुधा. कामावर असताना पायातून काढायचे नाहीत."

त्याचा चेहरा उतरला. "शपथ कशाला घातलीस, बाय?"

"घातली ती घातली."

त्यानंतर तंबू सरळ रांगेत लागायला लागले. मी खूश, आली बाबा एकदाची अक्कल! पण पाहुणे कुडकुडायला लागले. रोज जादा चादरी मागायचे. एक डॉक्टरीणबाई तर पोरांना घेऊन मुक्काम अर्धा टाकून गेल्या. मी गाद्यांना ऊन दाखवलं, नवा कापूस भरला. काही उपयोग नाही. दीपेश म्हणाला, "आई, बुधाला आता झेपत नाही. ठाण्याहून तरणी पोरं आणू." बुधाची बाजू घ्यायची सोडून मी उलट त्याच्यावरच खेकसले, "गाद्या ओलीवर टाकतोस! लक्ष कुठे असतं तुझं? म्हातारा झालास अगदी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तंबूंच्या खुंट्या आणि हातोडा माझ्यापुढे आणून ठेवला. "जातो, बाय. दीपेशला सांग, पोरं आण."

"असा कसा जातोस? झालं तरी काय?"

"माझं पाय आंधळं झालं." नदीकडे बघतच तो बोलला. "वाळूखाली ऊन पाणी हाय. दर पावसाळ्यात जागा बदलतं. जिथं ऊब लागंल तिथं दगड ठेवायचा, तिथंच तंबू लावायचा. पायाला कळतं ते. बुटाला न्हाय."

म्हणजे पाहुण्यांच्या पाठी शेकायच्या त्या माझ्या गाद्यांनी नव्हे, ह्याच्यामुळे!

"मग काढायचे की रे ते बूट! मला एका शब्दाने सांगायचं!"

"तुझ्या गळ्याची शपथ हाय. काढलं, न तुला काय झालं तर?"

महिनाभर हा माणूस सगळ्यांची बोलणी खात होता, हक्काचं काम सोडून निघाला होता, आणि तेही माझ्या जिवाला जपून. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सुटली!" मी ओरडले. "शपथ सुटली, बुधा, सुटली!" वाळूत बसकण मारून मीच नाड्या सोडायला लागले. तो पाय मागे घेत होता. "पायाला हात नको, बाय." पण ऐकते कोण!

बूट निघाले. तो दहाबारा पावलं चालला, डावीकडे वळला आणि थांबला.

"आता तू चपला काढ."

मी पाय टेकवला. आताच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी ती वाळू ऊबदार होती. सातबारा आमच्या नावावर, आणि तीस वर्षांत मी त्या वाळूत एकदाही अनवाणी पाऊल टाकलं नव्हतं. मला रडूच कोसळलं. बुधा मात्र दगड गोळा करत होता.

त्या दिवसापासून तंबू पुन्हा वेडेवाकडे झाले आणि मी चकार शब्द काढला नाही. दोन हजार नऊच्या पावसाळ्यात बुधा गेला. त्या डिसेंबरात ठाण्याच्या पोरांनी तंबू रांगेत लावले. पुढच्या डिसेंबरात दीपेशने सगळं आवरलं.

यंदाही पहाटे गेले. चपला हातात घेऊन दोन तास फिरले, तेव्हा कुठे एक जागा सापडली. तिथं चार दगड रचले आणि घरी आले.