तेलातली चमक

गॅरेजात माझ्या जुन्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन उघडून ठेवलंय. मिस्त्रींनी त्यातलं तेल माझ्या तळव्यावर लावलं. उन्हात ते चमचमलं. झिजलेल्या धातूचा चुरा तो. झीज शेवटी शेवटी अशी दागिन्यासारखी दिसते.

तरुणपणी मी महाशहाणी! इंजिन ठकठक वाजायला लागलं की ते ऐकू येऊ नये म्हणून गाडीतल्या टेपचा आवाज वाढवायचे.

"इंजिनच्या ब्लॉकलाच बारीक चीर आहे," मिस्त्री म्हणाले. "दुरुस्त करू, पण घाटात भरवसा नाही."

"मग नवीनच टाका."

"आजी, मला तुझंच इंजिन हवं," शेजारी उभी असलेली नात म्हणाली. घाटातल्या पुढच्या शर्यतीत गाडी तीच चालवणार आहे. "आवाज आला तर बघू की!"

तिच्या वयाची असताना मीही असंच म्हणायचे. मी गाडीची किल्ली कमरेला खोचली. नात किल्लीसाठी हात पसरून, लाडिक हसत उभी राहिली. तिला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही.