तळघरातली खिडकी

संध्याकाळी सहाच्या सुमाराला जुन्या टपाल कचेरीच्या पायऱ्यांपाशी आठ-दहा माणसं जमायची. कुणी नवराबायको, कुणी एकाच ऑफिसातल्या चौघीजणी, कुणी परगावाहून आलेला एकटा. शहरातले लपलेले बार दाखवायला काळं जाकीट घातलेला कुणी तरणाबांड माणूस येणार, अशी त्यांची समजूत असायची. यायची ती अठ्ठावन्न वर्षांची बाई. पायांत सपाट बूट, अंगात राखाडी कोट, खांद्याला आडवी पिशवी आणि हातात हातभर लांब टॉर्च. लोक एकमेकांकडे बघायचे. ती माणसं मोजून घ्यायची आणि म्हणायची, "चला. तुम्ही फक्त पायाखाली बघा, बाकीचं मी बघते."

बारवाले तिला टॉर्चबाई म्हणत. तीन तासांत ती चार बार दाखवायची, आणि चारांपैकी एकावरही पाटी नव्हती. पहिला न्हाव्याच्या दुकानात. तिथला तिसरा आरसा ढकलला की उघडायचा. दुसरा लॉंड्रीत, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे. तिसरा कागद-पेन्सिलीच्या दुकानाखालच्या तळघरात, एकोणीस पायऱ्या उतरून. चौथा घड्याळजीच्या माळ्यावर. आत गेलं की मंद दिवे, लांब दांड्याचे चमचे, ग्लासात तरंगणारं एखादं पान. प्रत्येक ठिकाणी पाहुण्यांना एकेक कॉकटेल मिळायचं. कुणीतरी हमखास विचारायचं, "ताई, ही दारं तुम्हाला सापडली कशी?"

"शोधावी लागली," ती सांगायची. लोक हसायचे. त्यांना तो विनोद वाटायचा.

तिनं स्वतः जन्मात दारूला ओठ लावलेला नव्हता. दारं तिला ठाऊक होती ती नवऱ्यामुळे.

नवरा पाट्या रंगवायचा. हात असा, की फूटपट्टी न लावता अक्षरांची ओळ सरळ यायची. मोठ्या रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांची नावं त्यानं लिहिलेली. दिवसभर लोकांच्या दुकानांवर नावं लिहायची आणि दिवे लागले की जिथं नावच नाही अशा ठिकाणी जाऊन बसायचं, असा त्याचा दिनक्रम. तेव्हा ते बार नव्हते, नुसते अड्डे होते. परवाना नाही म्हणून लपलेले. जेवण निवून गेलं की ती टॉर्च घेऊन निघायची आणि दार दार शोधत फिरायची. न्हावी कात्रीकडे बघत म्हणायचा, आज आले नाहीत. ती गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून राहायची. दाढी करून घेणारे पुरुष चुळबुळायला लागायचे, आणि मग आरसा उघडायचा. लॉंड्रीवालीनं स्वतःहून तिला चादरींमागचा बोळ दाखवला. तिचाही नवरा तिथंच बसायचा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. अशी वीस वर्षं गेली. नकाशा काढावा लागला नाही, तो पायांत भरला.

पुढे जुने मालक गेले, नवे आले. त्यांनी भिंती घासल्या, परवाने काढले, उंची बाटल्या मांडल्या. चोरदारं मात्र तशीच ठेवली. आता लोकांना त्याचंच अप्रूप होतं.

नवरा तोवर शिडीवरून पडून घरी बसला होता. कंबर गेली, मग यकृत. बाहेरच्या खोलीत खिडकीशी कॉट टाकली आणि तो तिथं चार वर्षं पडून होता. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता एक ग्लासही विष आहे. ती शिंप्याच्या दुकानात कपडे लहानमोठे करायचं काम करायची. एक दिवस एक तरतरीत बाई पँट आखूड करायला आल्या. मापासाठी उभ्या राहिल्या असताना फोनवर कुणालातरी वैतागून सांगत होत्या, दोनदा जाऊन आले, न्हाव्याकडे बारचं दारच सापडत नाही. हिच्या तोंडात टाचण्या होत्या. तशाच तोंडानं ती म्हणाली, "तिसरा आरसा." त्या बाईंनी फोन ठेवला. पुढच्याच आठवड्यापासून लोकांना बार दाखवायची फेरी सुरू झाली आणि त्या हिच्या मॅनेजरबाई झाल्या.

लोकांना सर्वांत आवडायची ती तळघराची गोष्ट. खाली एका भिंतीवर खिडकी रंगवलेली होती. लाकडी चौकट, अर्धा सरकवलेला पडदा, बाहेर छपरांच्या ओळी आणि वर उतरत्या उन्हाचं आकाश. इतकी हुबेहूब, की नवखा माणूस हवा खायला तिच्याकडे जायचा. ती टॉर्च त्या खिडकीवर धरायची आणि सांगायची: एक पेंटर होता. या तळघरात बसून बसून कंटाळला. मालकाला म्हणाला, खिडकी काढून देतो. काढली. त्यानंतर काय झालं, की पिणारे उठायला निघाले की खिडकीकडे बघायचे आणि म्हणायचे, अरे, अजून ऊन आहे, संध्याकाळसुद्धा नीट झालेली नाही. चल, आणखी एक. या खिडकीत कधी अंधार पडलाच नाही. लोक पोट धरून हसायचे, फोटो काढायचे. पेंटर तिचा कोण, हे तिनं कधी सांगितलं नाही.

घरी परतल्यावर नवरा जागाच असायचा. आज किती जण होते, कोण काय प्यालं, काय म्हणाले. ती बूट काढता काढता सांगायची. तो दुरुस्त्या सुचवायचा. लॉंड्रीतली गोष्ट आधी सांग, हशा पिकला की मग दुसरीकडे ने. घड्याळजीचं तोतरं बोलणं करून दाखव. एकेक जुनी हकिकत तो आठवून द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती चालली की बोलून दाखवायचा, बघ, म्हटलं नव्हतं? लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि दोघं एवढं बोलली नव्हती. ज्या गोष्टींनी संसाराची माती केली, त्याच सांगून दोघं हसत होती. हे तिला कधी कधी भातातल्या खड्यासारखं लागायचं. पण आयुष्यात पहिल्यांदा घरी गेल्यावर कुणी वाट बघत होतं, म्हणून ती तो खडा गिळून टाकायची.

एकुलती एक मुलगी दूर दुसऱ्या शहरात होती. दर रविवारी फोन करायची आणि विचारायची, "ते कसे आहेत?" बाबा हा शब्द तिनं सोडून दिला होता.

मग पोटात पाणी भरायला लागलं. डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात बोलावलं आणि सांगितलं की आता पथ्य सांभाळण्यात अर्थ नाही, त्यांना हवं ते देत चला. ती म्हणाली, सगळं? डॉक्टर हातातल्या कागदाकडे बघत म्हणाले, सगळं.

नवऱ्याला एकच गोष्ट हवी होती. त्याला फेरीला यायचं होतं. पाहुणा म्हणून, तिच्या मागं मागं. तिनं ते थोडे दिवस टोलवलं. रविवारी मुलीला सांगितलं, तर मुलगी म्हणाली, "तुझी मर्जी." शेवटी तिनं शेजारणीच्या सासऱ्यांची चाकांची खुर्ची मागून आणली, नवऱ्याची दाढी केली, त्याला लग्नातला कोट घातला. पोट सोडलं तर कोटात आता आणखी एक माणूस मावला असता. निघताना त्यानं आरसा मागितला. केस पाण्यानं चापून बसवले. एकेकाळी त्याला बघून चारही ठिकाणी आरडाओरडा व्हायचा, आले आले, सरका, जागा करा. तो त्याच तयारीनं निघाला होता.

त्या दिवशी नऊ पाहुणे होते. तो दहावा. कोण म्हणून तिनं सांगितलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

न्हाव्याच्या जागी आता न्हाव्याचा जावई होता. त्यानं खुर्चीला वाट करून दिली आणि चाकांना चिखल नाही ना, तेवढं बघून घेतलं. लॉंड्रीत त्याला ओळखील असं कुणीच उरलेलं नव्हतं. तिथं एक जुना बाक होता, त्यावर हात फिरवून तो म्हणाला, "हा माझा." शेजारचा पाहुणा हसून म्हणाला, "घ्या ना, बसा." तो बसला नाही.

तळघराशी आल्यावर प्रश्न आला पायऱ्यांचा. एक जाडजूड गृहस्थ आणि शाळेत खेळ शिकवणाऱ्या एक बाई पुढं झाल्या, आणि दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलून एकोणीस पायऱ्या उतरवलं. ती पुढं टॉर्च धरून उलटी उतरत होती. त्याचं सगळं लक्ष खाली होतं. खिडकी दिसली तसा तो खुर्चीत ताठ बसला.

नव्या मालकानं तिच्यावर काच बसवली होती आणि खालून छोटा दिवा सोडला होता. बाजूला पितळी पट्टी होती, तिच्यावर फक्त साल कोरलं होतं. तेही दोन वर्षांनी चुकलेलं. तो बघत राहिला. बारवाल्यानं सगळ्यांच्या पुढ्यात ग्लास ठेवले. त्याच्याही पुढ्यात ठेवला. तिनं तो बाजूला सारला नाही. डॉक्टरांचा शब्द तिच्या कानात होता आणि हा एक ग्लास त्याला मिळू द्यायचा, असं तिनं घरीच ठरवलं होतं.

तिनं गोष्ट सांगितली. नेहमीपेक्षाही रंगवून सांगितली, कारण ऐकणारा समोर होता. 'अजून ऊन आहे'वर लोक खदखदून हसले. तोही हसला, खांदे हलवून, डोळे पुसत. तिला बरं वाटलं. तेवढ्यात त्या खेळाच्या बाईंनी विचारलं, "पुढं काय झालं हो त्या पेंटरचं?"

हा प्रश्न तिला नवा नव्हता. दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी विचारायचंच, आणि उत्तर ठरलेलं होतं. जिभेवर इतकं बसलं होतं, की ती थांबलीच नाही.

"तो गेला हो, केव्हाच," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं.

घरी तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. त्यानं वर बघितलं नाही. लोकांनी हळहळ केली, ग्लास उचलले. त्याचा ग्लास भरलेला तसाच राहिला. बारवाल्यानं आदबीनं विचारलं, आवडलं नाही का, दुसरं काही करून देऊ?

"हात थरथरतो," तो म्हणाला. "सांडेल."

चौथ्या ठिकाणी, घड्याळजीच्या माळ्यावर तो वर आला नाही. खाली घड्याळांच्या दुकानात खुर्चीत बसून राहिला.

परतताना खुर्ची ढकलता ढकलता तिनं विषय काढायचा दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, ते आपलं लोकांना सांगायचं म्हणून. नाहीतर विचारत बसतात."

"चांगलं सांगतेस तू," तो म्हणाला. थोडं अंतर गेल्यावर म्हणाला, "खोटं कुठं आहे? फक्त केव्हा ते सांग. तुझ्यापुरता मी केव्हा गेलो?"

तिला म्हणता आलं असतं, काहीतरीच काय बोलता. चौतीस वर्षांत असली वाक्यं तिनं पुष्कळ म्हटली होती. पण तिला दिवस ठाऊक होता, आणि विचारणाऱ्यानं पहिल्यांदाच खरं विचारलं होतं. ती खुर्ची न थांबवता म्हणाली, "ताप होता मला. पोरीला पाठवलं होतं तुम्हाला बोलवायला. सात वर्षांची होती. एकटी उतरली त्या पायऱ्या. तुम्ही तिला ती खिडकी दाखवलीत आणि म्हणालात, बघ, अजून ऊन आहे, जा खेळ थोडा वेळ. आणि तिला ते खरं वाटलं. ती बाहेर अंधारात जाऊन खेळत बसली. मी तापात उठून आले, तेव्हा फुटपाथवर दगडांशी एकटीच खेळत होती."

त्यानं मान खाली घातली. तिला वाटलं, रडत असेल. ती पुढं येऊन बघते, तर तो कपाळाला आठ्या घालून विचार करत होता.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

ते खरं होतं. त्याला खोटं बोलायचं असतं तर तो यापेक्षा बरं काहीतरी बोलला असता.

त्यानंतर त्यानं फेरीबद्दल विचारणं सोडलं. ती घरी आली की आपणहून सुरू करायची, आज अकरा जण होते, एकाला जिन्यात भोवळ आली. तो हूं म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. राग नव्हता त्यात. राग असता तर तिनं समजूत घातली असती. तो दिवसभर काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा दिसायचा, आणि ते त्याला सापडत नसावं. सहा आठवड्यांनी तो गेला. सकाळी ती पाणी घेऊन गेली, तेव्हा अंग गार झालेलं होतं.

मुलगी दोन दिवसांसाठी आली. दोघींनी मिळून कॉट उचलून ठेवली, औषधांच्या बाटल्या टाकल्या, कपाटाखालचा ब्रशांचा डबा काढला. ब्रशांचे केस दगडासारखे घट्ट झालेले. मुलीनं एकेक ब्रश हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवताना खाली बघत विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले का?"

आईनं घास खाली ठेवला. फेरीच्या त्या दिवसाची हकिकत तिनं मुलीला सांगितली. ती सांगताना आपण कशाला सांगतोय, हे तिचं तिलाच उमगत नव्हतं. "मला आठवत नाही, म्हणाले," तिनं शेवट केला.

मुलीनं मान हलवली. "मला आठवतंय," एवढंच बोलून ती उठली आणि दोघींची ताटं धुवायला घेऊन गेली. आई, तू माझ्याकडे चल, असं ती निघताना म्हणाली. पण बस सुटायला पाच मिनिटं राहिली असताना म्हणाली. आईही म्हणाली, बघू.

फेरी चालूच आहे. तळघर वगळता येईल का, असं तिनं मॅनेजरबाईंना विचारून पाहिलं. त्या चांगल्या आहेत, पण म्हणाल्या, मावशी, लोक त्याच्यासाठीच तर येतात. मग ती पुन्हा तिथं माणसं नेऊ लागली. गोष्ट तीच सांगते, लोक तेवढेच हसतात.

रविवारी मुलीचा फोन येतो. पूर्वी ज्याच्याबद्दल विचारायचं असा एक माणूस तरी होता. आता एकीनं विचारायचं, कसं काय, आणि दुसरीनं सांगायचं, चाललंय. मग दोघी थोडा वेळ फोन कानाला लावून गप्प राहतात, आणि ठेवते म्हणतात.