कराची ते लंडन, सात दिवस

दूरदूरच्या शहरांमधलं अंतर माझ्या सासऱ्यांइतकं जिवाला लावून घेतलेला माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नसेल. मोजणी खात्यातून पेन्शनीत निघाले, पण मोजण्याची सवय सुटली नाही. कराची-लंडन हवाई टपाल सुरू झाल्याचं वर्तमानपत्रात वाचलं आणि त्यांनी ओटीवरच्या भिंतीला जगाचा नकाशा ठोकला. पाच हजार मैल, सात दिवस! नारळ पाडायला आलेल्या गड्यालासुद्धा हे ऐकल्याशिवाय माडावर चढता येत नसे. आळीत कुणाला विलायतेचं पत्र आलं की हे धावत जाऊन आधी शिक्के बघत. नऊ दिवस लागलेले दिसले, की विमान आपणच हाकत होतो अशा चेहऱ्याने ओशाळत आणि पत्रवाल्याची समजूत घालत, "बसऱ्याकडे वादळ असणार हो!" जेवायला हाक आली तर म्हणत, "थांब गो, विमान आत्ता कैरोला उतरेल." आतून सासूबाई म्हणत, "उतरू दे. तुमची आमटी निवतेय."

हा माणूस मुंबईला मात्र कधी आला नव्हता. तरुणपणी एकदा निघाले, तर रत्नागिरीच्या मांडवी बंदरातून आगबोटीपर्यंत नेणारा पडावच त्यांना असा लागला, की बोटीला हात न लावता त्याच पडावातून परतले. घाटातली मोटार तर नुसती बघूनही लागायची. लग्नानंतर मी दर वर्षी बोलवायचो. ते म्हणायचे, "विमान सुरू होऊ दे, जावईबापू. दीड तासाची तर वाट!"

दुसऱ्या बाळंतपणानंतर आमच्या हिला ताप आला, तो उतरेचना. डॉक्टर माझ्याशी बोलताना नजर चुकवू लागले, तेव्हा मी सासूबाईंना बोलावण्यासाठी तार केली. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर सासूबाईंच्या मागे भिंतीला धरून सासरे उभे! कोट चुरगळलेला, चेहरा केळीच्या सोपासारखा पांढरा. सासूबाई हळूच म्हणाल्या, "बंदर सोडल्यापासून ओकताहेत. पण मागे फिरू म्हणाले नाहीत."

ते तडक आत जाऊन तिच्या उशाशी बसले. तिने डोळे उघडले.

"बाबा? बोटीने आलात? किती वेळ लागला हो?"

"कुणाला ठाऊक, बाय," ते तिच्या कपाळावर हात ठेवत म्हणाले. "घड्याळ बघायचं राहूनच गेलं."

पुढे दीड महिना त्यांनी नकाशाचं नाव काढलं नाही. पेजेची वाटी घेऊन तिच्यापाशी बसत. ती उठून गॅलरीपर्यंत चालली, त्या दिवशी त्यांनी चाळभर पेढे वाटले, आणि मग कुठे परतीच्या बोटीची चौकशी केली.

विमानात बसायचं त्यांचं राहूनच गेलं. आज ते नाहीत. त्यांची आठवण निघाली की मी विमानांचे किस्से सांगून सगळ्यांना हसवतो. ही हसते, मग कपाळावरून हात फिरवते. बोटीत मळमळू नये म्हणून ते वाटभर लिंबू हुंगत आले होते. त्या दिवशी कपाळावर ठेवलेल्या त्यांच्या हाताचा तो वास तिला अजून येतो म्हणे.