राजेश्वरच्या राउटरचं घड्याळ

तुळजाक्का बीदरजवळच्या कमठाणा गावची. घरात आज्याच्या काळात मेंढरं होती, तिचे अप्पा लिंगाप्पा रोजंदारीवर जायचे. बीदरला डिप्लोमा करून ती २००७ साली आमच्या दूध डेअरीच्या मुख्य ऑफिसात लागली. नेटवर्कच्या खोलीत आम्ही दोघंच. ती माझ्याहून वर्षाने मोठी.

डेअरीची सात केंद्रं बीदरला जोडलेली होती, प्रत्येक ठिकाणी एक राउटर. कुठल्या केंद्राकडे कुठल्या वाटेने जायचं, हे राउटर एकमेकांना सांगत राहतात. एकदा एका केंद्रावर कुणीतरी अडगळीतला जुना राउटर जोडून बघितला. त्याने चुकीच्या वाटा सांगितल्या आणि बाकीच्यांनी निमूट मानल्या. दिवसभर सगळी माहिती भलतीकडेच जात राहिली.

तुळजाक्का साहेबांकडे गेली. "सांगणारा आपला हाय का परका, हे आपले राउटर विचारतच न्हाईत. दोन्ही टोकांना एकच गुप्त किल्ली ठेवू. जुळली तरच ऐकायचं."

"हैदराबादच्या नेटवर्कवाल्या कंपनीला सांगू?" साहेबांनी विचारलं.

"मी करते की."

"कर. पण एक जरी केंद्र बंद पडलं, तर सगळं नेटवर्क हैदराबादकडं. मग तुमची खोली कशाला हवी?"

आठ दिवस ती जेवणाचा डबासुद्धा स्क्रीनसमोरच उघडायची. नुसती किल्ली ठेवून तिचं समाधान झालं नाही. प्रत्येक किल्लीला तिने सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख दिली, म्हणजे दर तीन महिन्यांनी किल्ली आपोआप बदलेल. सातही केंद्रं सुरळीत चालू झाली.

बाराव्या दिवशी राजेश्वर गावचं केंद्र बंद पडलं. सकाळी लोडशेडिंग लांबलं आणि राउटरला जोडलेली बॅटरी पहिल्यांदाच पार उतरली. दहाला लाईट आली, पण राजेश्वरचा राउटर बीदरशी बोलेना. केंद्रप्रमुख अंकुशरावांनी साहेबांना फोन केला. साहेबांनी तो तुळजाक्काच्या हातात दिला, तसे अंकुशराव म्हणाले, "अक्का, किल्ली हरवली काय तुमची? दुधाचा टँकर उभा हाय! बीदरचा होकार आल्याबिगर सोडता येत न्हाई."

साहेब म्हणाले, "किल्ली काढून टाक."

खरं तर मीही तेच म्हणालो.

"बालाजी, आज काढली तर बिघाड कळायचा न्हाई. उद्या दुसरं केंद्र पडंल, परवा तिसरं," ती मला म्हणाली.

साहेबांनी दोन वाजेपर्यंत मुदत दिली. राजेश्वरला जायला तिने हुमनाबादची बस धरली.

साडेबाराला तिचा फोन आला. तिने तो चालूच ठेवला होता, त्यामुळे तिकडचं सगळं ऐकू येत होतं.

"तुम्हीच आलात व्हय अक्का? इंजिनियर कुठाय?" अंकुशरावांचा आवाज आला.

"मीच हाय काका. जरा खुर्ची सरकवा."

किल्ली तिने अक्षर अक्षर वाचली. दोन्हीकडे तीच होती. तार शाबूत, बत्त्या हिरव्या. मग कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"बालाजी, तुझ्या राउटरवर साल काय दिसतंय?"

"२००८."

"हितं १९९३ चालूय!"

राउटर पूर्ण बंद झाला की त्याचं घड्याळ जुन्या तारखेला जाऊन बसायचं. आमची किल्ली सुरू व्हायला त्याच्या लेखी अजून पंधरा वर्षं होती.

"चूक माझीच," ती हसत म्हणाली. "कमठाण्यात वाढले अन् लाईट जाती हेच विसरले."

किल्ली जुळली नसली तरी तारेच्या दुसऱ्या टोकाच्या राउटरशी थेट बोलता येतं, त्याला वाटा लागत नाहीत, तार पुरते. तिने राजेश्वरच्या राउटरला शिकवलं, जागा झालास की आधी बीदरला वेळ विचार. घड्याळ जुळलं, किल्ली जुळली. एक वाजून वीस मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर राजेश्वर आलं.

"झालं न्हवं? सोडू टँकर?"

"थांबा काका." तिने राउटरचा प्लग उपसला.

"अवो अक्का! चालू झालेलं कामून बंद करायलात?"

"लाईट तर रोज जाणार की, बॅटरी किती पुरंल?"

तिने प्लग परत लावला. मी स्क्रीनकडे बघत बसलो. चौथ्या मिनिटाला राजेश्वर आपलं आपण परत आलं. मी इतक्या जोरात ओरडलो, की साहेब दारात येऊन उभे राहिले. फोनमधून टँकरचा हॉर्न ऐकू आला. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "उरलेल्या सहा केंद्रांवर कधी जाणार, विचार तिला."

मी विचारणार, एवढ्यात तिकडे अंकुशराव बोलायला लागले.

"पुन्हा बंद पडलं तर हैदराबादला फोन लावायचा का, अक्का?"

"लिहून घ्या काका," तुळजाक्का म्हणाली आणि आमच्या खोलीचा नंबर सांगायला लागली. "शून्य, आठ, चार, आठ, दोन..."